बिनप्रत्ययाचे विशेषण

मराठी मुलगा इंग्रजी शिकू लागला म्हणजे स्पेलिंगांनी तो रडकुंडीला येतो, क्रियापदांच्या काळांनी गोंधळतो, आणि 'अ' व 'द' या दोन इवल्याशा शब्दांची धास्ती तर पदवी घेतल्यावरही त्याच्या मनातून जात नाही; परंतु या सगळ्या जाचात एक प्रकरण असे असते की, तेथे पोहोचताच त्याला हायसे वाटते. ते प्रकरण विशेषणाचे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुली, चांगल्या मुलाला, एवढ्या साऱ्या रूपांच्या जागी इंग्रजीत एकच एक 'गुड'. बॉय असो वा गर्ल असो, एक असो वा शंभर असोत, कर्ता असो वा कर्म असो, 'गुड' आपल्या जागी अढळ. नामाच्या तालावर विशेषणाला नाचवत नाही ती भाषा किती सोपी, असे त्या मुलाला वाटले तर त्यात नवल नाही. मात्र हे समाधान फार दिवस टिकत नाही, कारण मराठीत जे काम प्रत्यय करतो ते इंग्रजीत कोणीतरी केलेच पाहिजे, आणि ज्याच्याकडे ते सोपवलेले आहे तो कारभारी प्रत्ययाहून पुष्कळच कडक आहे. शब्दाची वाक्यातील जागा, हाच तो कारभारी.

आपल्या विशेषणांचा स्वभाव आधी नीट पाहिला पाहिजे, कारण तो इतका अंगवळणी पडलेला असतो की पाहायचे म्हणून राहूनच जाते. विशेषणाने विशेष्याचे लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्ही बाबतींत निमूटपणे अनुकरण करावे, असा संस्कृतात दंडक आहे. मराठीने त्यातील पहिल्या दोन अटी कायम ठेवून तिसरीत सूट दिली. 'चांगल्याने मुलाने' असे न म्हणता 'चांगल्या मुलाने' असे म्हणून विशेषणाचे नुसते सामान्यरूप केले की तिचे भागते. शिवाय ही शिस्तही सर्वांना सारखी नाही. मोठा, काळा, जुना अशी जी आकारान्त विशेषणे आहेत तीच काय ती बदलतात. लाल, गोड, सुंदर, हुशार, कडू ही मंडळी इंग्रजी विशेषणांइतकीच ताठ आहेत, आणि लाल घोडा, लाल घोडी, लाल घोडे असे जन्मभर बोलूनही आपल्या घरातच इंग्रजी पद्धतीची एक शाखा नांदते आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. बाहेरून आलेल्या शब्दांनाही हाच न्याय लागला. फारसीतून आलेला 'ताजा' आकारान्त असल्यामुळे मराठीत पाऊल टाकताच ताजी भाजी, ताजे दूध असा लिंगवचनांच्या हवाली झाला. गरीब, साफ, खास हे त्याचे सोबती मात्र आपले मूळ रूप राखून राहिले.

सांगलीच्या परिसरात वाढलेल्या मुलाला तर या विषयाचा आणखी एक दाखला शेजारीच सापडतो. जत तालुक्यातील कितीतरी गावांत, आणि मिरजेकडच्याही काही भागांत, घरची भाषा कन्नड आहे. आणि कन्नड विशेषण नामाच्या पूर्वी आले म्हणजे ते इंग्रजीप्रमाणेच निर्विकार असते. दोड्ड मने म्हणजे मोठे घर, दोड्ड मर म्हणजे मोठे झाड. घर असो, झाड असो, माणूस असो, 'दोड्ड' तो दोड्डच. म्हणूनच जतकडचा कन्नड मुलगा मराठी बोलू लागला की त्याच्या 'मोठा गाडी'ला वर्गात हशा पिकतो. पण तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला 'बिग हाउस, बिग ट्री' म्हणताना अडखळत नाही, कारण ही वाट त्याच्या पायाखालची असते. अर्थात कन्नडही सर्वस्वी निर्विकार नाही. विशेषण वाक्याच्या शेवटी विधेय होऊन बसले की ती भाषा त्याला पुन्हा लिंगवचनाचा पोशाख चढवते, घर 'दोड्डदु' होते आणि माणूस 'दोड्डवनु' होतो. इंग्रजीने तेवढीही मुरवत ठेवलेली नाही. एकाच बाजारपेठेत तीन भाषांची तीन निरनिराळी विशेषणे कानांवर पडावीत हे भाग्य सगळ्या गावांच्या वाट्याला येत नाही. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय काढले, आणि त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर पुढे विनायक कृष्ण गोकाक यांच्यासारखा, कन्नडात कविता लिहिणारा आणि इंग्रजी साहित्य शिकवणारा गृहस्थ बसला, ही गोष्ट या गावाच्या भाषिक प्रकृतीला साजेशीच म्हटली पाहिजे.

इंग्रजी विशेषण जन्मतःच असे मोकळे होते, असे मात्र कोणी समजू नये. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणांना तीन लिंगे, दोन वचने आणि विभक्त्यांची मोठी फौज होती. एवढेच नव्हे, तर नामापूर्वी 'तो', 'हा' असा निर्देशक शब्द असला तर विशेषणाची एक रूपावली आणि नसला तर दुसरी, असा दुहेरी कारभार चालत असे. पुढे उत्तरेकडच्या डेन्मार्क-नॉर्वेच्या दर्यावर्दी लोकांची वस्ती झाली, १०६६ साली नॉर्मन फ्रेंचांचा अंमल बसला, आणि शब्दाच्या अखेरीचे स्वर उच्चारात पुसट होत होत सर्व प्रत्ययांचा मिळून एक दुबळा 'अ' तेवढा उरला. चौसरच्या काव्यात त्याची चाहूल लागते, आणि १४०० साली चौसर वारल्यानंतर थोड्याच काळात तोही गेला. त्या जुन्या वैभवाची निशाणी म्हणून आज 'धिस' आणि 'दॅट' हे दोन शब्द काय ते शिल्लक आहेत: ते अनेकवचनी नामापुढे 'दीज' आणि 'दोज' होतात. आपला विद्यार्थी नेमका येथेच 'धिस बुक्स' असे लिहून जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? विशेषण बदलत नाही, हे त्याने मोठ्या आनंदाने पाठ केलेले असते.

आता जागेच्या अंमलाकडे वळू. इंग्रजी विशेषणाला वाक्यात मुख्यतः दोन ठिकाणे मोकळी आहेत: एक नामाच्या लगेच आधी, आणि दुसरे 'इज', 'सीम्स', 'बिकेम' अशा क्रियापदांच्या पलीकडे, ज्याला आपले शालेय व्याकरण विधिविशेषण म्हणते. मराठीतही ही दोन्ही ठिकाणे आहेत, आणि 'जुने घर' व 'घर जुने आहे' यांत अर्थाचा फरक पडत नाही. इंग्रजीत मात्र पुष्कळ विशेषणे जागा बदलताच अर्थ बदलतात. 'द लेट प्रिन्सिपल' म्हणजे कैलासवासी प्राचार्य. 'द प्रिन्सिपल इज लेट' म्हणजे प्राचार्यांना यायला उशीर झाला आहे. या दोन वाक्यांची गल्लत एखाद्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात झाली तर काय अनर्थ ओढवेल याची कल्पना वाचकांनीच करावी. 'ॲन ओल्ड फ्रेंड' हा बाविशीतलाही असू शकतो, कारण तेथे म्हातारपण मैत्रीचे आहे. 'माय फ्रेंड इज ओल्ड' म्हटले की ते मित्राच्या वयावर जाते. मराठीत या घोटाळ्याला वावच नाही, कारण जुना मित्र आणि म्हातारा मित्र यांच्यासाठी आपण मुळातच दोन वेगळी विशेषणे ठेवली आहेत. सभेच्या इतिवृत्तात 'मेंबर्स प्रेझेंट' असे लिहिले तर त्याचा अर्थ सभेस हजर असलेले सभासद, आणि 'द प्रेझेंट मेंबर्स' असे लिहिले तर हल्लीचे सभासद, मग त्यांपैकी एकही सभेकडे फिरकला नसला तरी हरकत नाही.

कचेरीच्या आवारात तर या विषयाचे पाठ भिंतीवरच्या पाट्यांतून मिळतात. दिवाणी दावा, फौजदारी खटला, मुलकी खाते, इनामी जमीन ही सारी विशेषणे वस्तूचा गुण सांगत नाहीत, ती तिचा वर्ग सांगतात; म्हणून त्यांना कमीअधिकपणा लागत नाही आणि 'हा दावा त्या दाव्यापेक्षा अधिक दिवाणी आहे' असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही अशा वर्गवाचक विशेषणांची मोठी जात आहे, आणि ती नामाच्या आधीच शोभते. 'अ क्रिमिनल लॉयर' म्हणजे फौजदारीचे काम पाहणारा वकील. ते विशेषण उचलून क्रियापदाच्या पलीकडे नेऊन 'द लॉयर इज क्रिमिनल' असे केले की त्या सभ्य गृहस्थावर अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची पाळी येते.

त्याच आवारात 'नोटरी पब्लिक' अशी पाटी दिसते, आणि चौकस विद्यार्थ्याने विचारावे की विशेषण नामाच्या आधी येते असे शिकवून ही काय उलटी गंगा. उत्तर इतिहासात आहे. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली. १३६२ साली कायद्याने तोंडी कामकाज इंग्रजीत चालवण्याचे बंधन घातले, तरी वकिलांच्या जिभेवरची फ्रेंच पुढेही रेंगाळत राहिली. आणि फ्रेंचात बहुतेक विशेषणे नामामागून चालतात. नोटरी पब्लिक, अटर्नी जनरल, कोर्ट मार्शल, गव्हर्नर जनरल, पोस्टमास्टर जनरल ही सगळी त्या काळाची शिलकी बाकी. यांची अनेकवचने करताना भल्याभल्यांची फसगत होते, कारण येथे नाम पहिले असल्यामुळे अनेकवचन त्यालाच लागले पाहिजे आणि 'गव्हर्नर्स जनरल' असे म्हटले पाहिजे. संस्थानी कारकुनांनी 'नामदार गव्हर्नर जनरल साहेब बहादुर' असे एकवचनीच उल्लेख करून या संकटातून स्वतःला सोडवले, हे त्यांच्या धोरणीपणाला धरूनच झाले.

नामाच्या आधीच शोभणाऱ्या त्या वर्गवाचक विशेषणांच्या नेमके उलट असे काही शब्द आहेत की, ज्यांना नामाच्या आधी बसण्याची मनाई आहे. 'द चाइल्ड इज अस्लीप' हे निर्दोष, पण 'ॲन अस्लीप चाइल्ड' हे इंग्रजाच्या कानाला सहन होत नाही. तेथे 'स्लीपिंग' आणावे लागते. याचे कारण असे की 'अस्लीप', 'अलाइव्ह' हे मुळात विशेषणेच नव्हेत. जुन्या इंग्रजीतील 'झोपेवर', 'जीवावर' अशा अर्थाच्या दोन दोन शब्दांची गाठ पडून ते एकजीव झाले, आणि आपले मूळ स्थान विसरायला ते तयार नाहीत. नियम पाठ करणाऱ्याला हा अपवाद वाटतो. इतिहास पाहणाऱ्याला तो वाटत नाही.

एकाहून अधिक विशेषणे एकत्र आली म्हणजे हा कारभार आणखी सूक्ष्म होतो. जुने काळे दगडी देऊळ म्हणा किंवा काळे जुने दगडी देऊळ म्हणा, मराठी कान फारशी तक्रार करत नाही. इंग्रजीत मात्र 'अ ब्यूटिफुल ओल्ड ब्लॅक स्टोन टेम्पल' हाच काय तो शिष्टसंमत क्रम: आधी बोलणाऱ्याचे मत, मग आकार, मग वय, मग रंग, मग मूलस्थान, मग द्रव्य, आणि अगदी नामाला खेटून त्या वस्तूचे प्रयोजन. इंग्लंडातल्या मुलांना हा क्रम कोणी पाठ करायला लावत नाही. ती तो आईच्या दुधाबरोबर घेतात, आणि आपल्या मुलांना तो कोष्टक मांडून शिकवावा लागतो, हीच खरी अडचण. कोष्टकापेक्षा त्यामागचे तत्त्व सांगितले तर बरे, असे मला वाटते. जे विशेषण वस्तूपासून वेगळे करता येण्यासारखे नाही ते तिच्या जवळ बसते, आणि जे केवळ पाहणाऱ्याच्या मनातले आहे ते दूर. वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने सांगलीत साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याला 'सहकारी साखर कारखाना' असे म्हटले गेले, 'साखर सहकारी कारखाना' असे नव्हे. कारण कारखाना कशाचा, हा प्रश्न कारखाना कोणाचा या प्रश्नापेक्षा वस्तूला अधिक चिकटलेला आहे. म्हणजे हे तत्त्व आपल्यालाही अपरिचित नाही. फक्त आपण ते थोड्या ठिकाणी पाळतो आणि इंग्रज सर्वत्र पाळतो.

विशेषणाचे काम गुण सांगणे, हे पुस्तकातले लक्षण अपुरे आहे. पुष्कळदा त्याचे काम वाटणी करण्याचे असते. १९४९ साली सातारा जिल्ह्याची दोन शकले झाली आणि या मुलखाला 'दक्षिण सातारा' असे नाव मिळाले, तेव्हा त्यातील 'दक्षिण' हा शब्द साताऱ्याचा कोणताही गुण वर्णन करत नव्हता, तो दोन साताऱ्यांमध्ये सीमा आखत होता. १९६० साली जिल्ह्याचे नाव सांगली झाले आणि विशेषणाची नोकरी संपली, कारण सांगली एकच. 'पवित्र कृष्णा' यातील पवित्र हे विशेषण कोणत्या अपवित्र कृष्णेपासून तिला वेगळे काढत नाही, ते नुसता भाव व्यक्त करते. 'नवा पूल' म्हटले की मात्र जुना पूल लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि सांगलीत तो बहुधा १९२९ चा आयर्विन पूलच असतो. इंग्रजीत हा भेद पुढे संबंधी वाक्यांच्या स्वल्पविरामापर्यंत जाऊन पोहोचतो आणि तेथे चांगले चांगले वकीलही घसरतात; पण तो प्रांत वेगळा.

आता इंग्रजीची जी करामत मला सर्वांत मोठी वाटते तिच्याविषयी. ही भाषा कोणतेही नाम उचलून, त्याला कसलाही प्रत्यय न लावता, दुसऱ्या नामापुढे विशेषण म्हणून बसवते. आपल्याला दगडाचा 'दगडी' करावा लागतो, हळदीचा बाजार असा षष्ठीचा टाका घालावा लागतो, गावाच्या नावाला ई लावून कोल्हापुरी चप्पल, सातारी पेढा, पुणेरी पगडी असे शब्द पाडावे लागतात. (सांगलीचे नाव आधीच ईकारान्त असल्यामुळे तिच्यावर ही मात्रा चालत नाही, आणि म्हणूनच की काय, येथल्या पेठेतील हळद 'राजापुरी' या परक्या गावाच्या विशेषणाने ओळखली जाते.) इंग्रजाला एवढी यातायात नाही, तो 'स्टोन ब्रिज', 'टर्मरिक मार्केट' असे म्हणून मोकळा होतो, आणि २०१८ साली येथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही 'सांगली टर्मरिक' या नावाने, नुसती दोन नामे शेजारी उभी करून. पुढे तो 'टर्मरिक मार्केट यार्ड गोडाउन कीपर' अशी पाच नामांची माळही ओवू शकतो, आणि तिच्यातील शेवटचा मणी तेवढा नाम, बाकीचे सगळे विशेषणाच्या चाकरीत.

पण या चाकरीत शिरताना नामाला आपले अनेकवचन देशमुखाच्या वाड्याबाहेर जोडे काढावे तसे बाहेर काढून ठेवावे लागते. दहा रुपयांची नोट इंग्रजीत 'टेन-रुपी नोट' होते, 'टेन-रुपीज नोट' होत नाही. पाच वर्षांची योजना 'फाइव्ह-इयर प्लॅन', सहा फुटांचा माणूस 'सिक्स-फूट मॅन'. दहा असूनही रुपी एकवचनी, हे मराठी मनाला मुळीच पटत नाही, आणि म्हणून मॅट्रिकपासून एम. ए.पर्यंतच्या उत्तरपत्रिकांत 'फाइव्ह इयर्स प्लॅन' सुखाने नांदत आलेला आहे. कारण उघड आहे. विशेषण झाले म्हणजे ते निर्विकार झाले, हा इंग्रजीचा कायदा जन्मजात विशेषणांना जसा लागू आहे तसाच तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या नामांनाही लागू आहे. आपण 'गुड बॉइज'मध्ये तो आनंदाने मान्य केला आणि 'टेन-रुपी'मध्ये मात्र विसरलो.

उलट बाजूने, मराठी विशेषण जितक्या सहजपणे नामाच्या गादीवर बसते तितके इंग्रजी विशेषण बसत नाही. बांगड्यांच्या दुकानात 'दोन लाल द्या आणि एक हिरवी' असे म्हणून आपण नामाचा उच्चारही न करता सौदा पुरा करतो, कारण 'हिरवी' या रूपातच बांगडीचे लिंग आणि वचन दाखल झालेले आहे. इंग्रजी विशेषणाजवळ अशी काहीच शिदोरी नसल्यामुळे त्याला 'वन' नावाचे एक पोकळ नाम सोबतीला घ्यावे लागते: 'अ ग्रीन वन'. 'द पूअर', 'द रिच' असे म्हणता येते खरे, पण त्याचा अर्थ सर्व गरीब, सर्व श्रीमंत. एका गरिबाला त्या भाषेत 'अ पूअर' म्हणता येत नाही, 'अ पूअर मॅन' असेच म्हणावे लागते.

एका बाबतीत मात्र इंग्रजीने प्रत्यय जपून ठेवला आणि आपण तो टाकून दिला. लिंगवचनाचे ओझे फेकून देणाऱ्या त्या भाषेने तरतमभाव मात्र विशेषणाच्या अंगावरच राहू दिला: 'टॉल', 'टॉलर', 'टॉलेस्ट'. मराठीत, आणि शेजारच्या कन्नडातही, विशेषण जसेच्या तसे राहते आणि तुलनेचा भार दुसऱ्या पक्षावर पडतो. 'रामपेक्षा उंच', 'सर्वांत उंच', असे म्हणताना 'उंच' जागचे हलत नाही. संस्कृताचे तर आणि तम आपल्याकडे आले ते पंडितांच्या आणि गणिताच्या पुस्तकांतून, लघुतम साधारण विभाज्यासारख्या शब्दांत. स्वयंपाकघरापर्यंत ते कधी पोहोचले नाहीत. संस्कृतात त्यांचा आणखी एक भाऊबंद होता, 'इष्ठ': श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हे सारे मुळात 'सर्वांत' या अर्थाचे शब्द. गंमत अशी की हा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' एकाच मूळ प्रत्ययाची दूरदेशी वाढलेली संतती आहे, असे भाषाशास्त्र निर्विवादपणे सांगते. पण इंग्रजी 'टॉलेस्ट'ने आपला अधिकार राखला आणि आपल्या 'वरिष्ठ'चा गेला. आज कोणत्याही कचेरीतल्या वरिष्ठ कारकुनाच्या वर किती साहेब बसलेले असतात ते मोजून पाहावे. तो प्रत्यय इतका झिजला की आपण त्याच्यावर दुसरे छप्पर चढवून 'सर्वश्रेष्ठ', 'ज्येष्ठतम' असे म्हणू लागलो. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही असे दुहेरी छप्पर चालत असे, आणि 'ज्युलियस सीझर'मधील अँटनीच्या भाषणात त्याचा प्रसिद्ध नमुना आहे. पुढच्या शतकांतील व्याकरणकारांनी ते अशुद्ध ठरवून बंद पाडले. आपले मात्र चालू आहे.

प्रत्यय केव्हा आणि 'मोअर' केव्हा, याचा निवाडा इंग्रजी शब्दाच्या लांबीवरून करते. एका अक्षरोच्चाराचा शब्द प्रत्यय घेतो, तीन किंवा अधिक उच्चारांचा 'मोअर' घेतो, आणि मधल्या दोन उच्चारांच्या शब्दांत 'हॅपी'सारखे ईकारान्त प्रत्ययाकडे झुकतात. 'गुड-बेटर-बेस्ट' आणि 'बॅड-वर्स-वर्स्ट' यांना कोणताही हिशेब लागत नाही. ती तोंडपाठच करावीत.

हे सगळे आपल्याकडे वर्गात शिकवले जाते ते ज्या चौकटीतून, तिचाही थोडा झाडा घेतला पाहिजे. विशेषण ही शब्दांची एक स्वतंत्र जात आहे, हे आज कोणत्याही शाळकरी पोराला ठाऊक असते. पण निरुक्तकार यास्काला ते ठाऊक नव्हते. त्याने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे पदांचे चारच वर्ग केले आणि विशेषण नामाच्याच घरात ठेवले, कारण संस्कृतात जी रूपे नामाला होतात तीच विशेषणालाही होतात. लॅटिन व्याकरणाचीही तीच रीत. तिच्या वजनामुळे अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्रज व्याकरणकारही विशेषणाला नामाचाच एक पोटभेद समजत. इंग्रजी विशेषणाला रूपेच उरली नसल्यामुळे त्याची नामाशी असलेली सोयरीक अखेर तुटली. लिंडले मरे या मूळच्या अमेरिकन वकिलाने इंग्लंडातील यॉर्कजवळ राहून एका मुलींच्या शाळेसाठी १७९५ साली जे व्याकरण लिहिले आणि जे पुढे इंग्रजी शिकणाऱ्या जगात घरोघर गेले, त्यात विशेषण स्वतंत्र संसार थाटून बसलेले आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे हाच इंग्रजी आराखडा होता. आणि मराठीचे विशेषण, जे रूपाने पुष्कळसे नामाचे भावंड आहे, ते इंग्रजी विशेषणाच्या शेजारी स्वतंत्र खाते म्हणून नोंदले गेले. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला तेव्हा या आयत्या आराखड्याची पुष्कळ चिकित्सा केली, परंतु शाळेच्या पुस्तकांनी दामल्यांपासून विस्तार तेवढा घेतला आणि चिकित्सा घेतली नाही. गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण अशी नावे लावून 'व्याकरण चालवणे' हीच मग विद्या झाली. इंग्रजीच्या तासालाही तेच. शब्दाचा प्रकार ओळखला की गुण मिळतात, शब्द बसतो कोठे हे कोणी विचारत नाही.

आणि चुका होतात त्या नेमक्या बसण्याच्या जागी. कंटाळवाणे भाषण आणि कंटाळलेला श्रोता हा भेद मराठी मुलाला उपजत कळतो, तरी तो 'आय ॲम बोअरिंग' असे लिहून स्वतःवरच ठपका ओढवून घेतो. भाव उत्पन्न करणाऱ्याला 'इंग' आणि तो भोगणाऱ्याला 'एड', एवढे 'वाणे' आणि 'लेला' यांच्या शेजारी मांडून दाखवले तर ती चूक मुळातच होणार नाही. दुसरे उदाहरण गाण्याचे, आणि ते नाटककार देवलांच्या व विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत आठवावे हे योग्यच. तो चांगला गातो, ती चांगली गाते: येथे 'चांगला' क्रियेची रीत सांगत असूनही कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे आणि वेष विशेषणाचा. हा वेष पाहून आपला विद्यार्थी 'शी सिंग्ज गुड' असे लिहितो. शिक्षक लाल शाईने 'गुड' खोडतात आणि 'वेल' करतात, ते बरोबरच आहे. पुढच्या वाक्यात तो सावध झालेला असतो आणि 'द कर्री टेस्ट्स वेल' असे लिहितो. तेही चूक, कारण चव, वास, स्पर्श आणि दिसणे यांच्या क्रियापदांपुढे इंग्रजीला विशेषणच हवे असते. या ठिकाणी तर मराठीचे आणि इंग्रजीचे मत अगदी एक आहे. भाजी चांगली लागते, वरण चांगले लागते, तसेच तिकडेही 'टेस्ट्स गुड'. मुलाने आपल्या जेवणाच्या पानावरचे मराठी वाक्य आठवले असते तर उत्तर बरोबर आले असते. पण क्रियापदाला क्रियाविशेषणच लावावे हा नियम त्याच्याकडून त्याच तासाला दहा वेळा घोकून घेतलेला असतो.